घरबसल्या घटनाभ्यास: ऑनलाइन पदव्युत्तर शिक्षणाचा आढावा

दोन विद्याशाखा, एक ग्रंथ

भारतात संविधानाचा पदव्युत्तर अभ्यास दोन विद्याशाखांत विभागलेला आहे. विधी शाखेत तो एलएल.एम.च्या घटनात्मक व प्रशासकीय कायद्याच्या गटात येतो. सामाजिक शास्त्रांत तो राज्यशास्त्र आणि लोकप्रशासन या विषयांच्या एम.ए.त येतो. ग्रंथ एकच आणि अनुच्छेदही तेच, पण दोन्हीकडचे प्रश्न निराळे असतात. राष्ट्रपती राजवटीचा अनुच्छेद ३५६ घेतला, तर विधी शाखेचा विद्यार्थी एस. आर. बोम्मई खटल्यात (१९९४) नऊ न्यायाधीशांच्या पीठाने राष्ट्रपतींच्या उद्घोषणेचे न्यायिक पुनर्विलोकन कोणत्या मर्यादेत मान्य केले, हे तपासतो. राज्यशास्त्राचा विद्यार्थी १९६७ नंतर राज्याराज्यांत काँग्रेसेतर सरकारे येऊ लागल्यावर या अनुच्छेदाच्या वापराला कोणते वळण लागले, याचा शोध घेतो.

नागरिकशास्त्र हा शब्द मराठी वाचकाला शाळेपासून परिचित आहे. बालभारतीच्या पुस्तकांत सहावी ते आठवीपर्यंत 'इतिहास व नागरिकशास्त्र' आणि नववी-दहावीत 'इतिहास व राज्यशास्त्र' असे नाव येते. नावातला हा बदल पुढच्या शिक्षणाची दिशाही सांगतो. नागरिकशास्त्राची स्वतंत्र पदव्युत्तर पदवी भारतात रूढ नाही. महाविद्यालयात आणि विद्यापीठात त्या विषयाचे राज्यशास्त्र होते. त्यामुळे नागरिकशास्त्र आणि घटनात्मक कायदा असा जोड विषय घरून शिकू पाहणाऱ्याला आधी शाखा निवडावी लागते. ऑनलाइन शिक्षणाच्या बाबतीत ही निवड निर्णायक ठरते, कारण एका शाखेचे दार नियमाने बंद आहे आणि दुसरीचे उघडे.

टपालापासून पडद्यापर्यंत

वर्गाबाहेर राहून पदवी मिळवण्याची सोय जुनी आहे. लंडन विद्यापीठाने १८५८ मध्ये आपल्या परीक्षा बाहेरच्या विद्यार्थ्यांना खुल्या केल्या. वसाहतींतल्या कित्येकांनी लंडनला न जाता तिथली पदवी मिळवली ती यामुळेच. कायद्याच्या बाबतीत या पद्धतीचे सर्वांत ठळक उदाहरण दक्षिण आफ्रिकेतले आहे. नेल्सन मंडेला यांनी तुरुंगवासात असतानाच दक्षिण आफ्रिका विद्यापीठाची एलएल.बी. पत्रद्वारे पूर्ण केली आणि १९८९ मध्ये ती त्यांना मिळाली.

भारतात दिल्ली विद्यापीठाने १९६२ मध्ये पत्रद्वारा अभ्यासक्रम सुरू केले. मुंबई विद्यापीठाची दूरशिक्षण संस्था १९७१ पासूनची. पुढे ती 'आयडॉल' या नावाने ओळखली जाऊ लागली. देशातले पहिले मुक्त विद्यापीठ १९८२ मध्ये हैदराबादेत उभे राहिले, तेच आजचे डॉ. बी. आर. आंबेडकर मुक्त विद्यापीठ. इंदिरा गांधी राष्ट्रीय मुक्त विद्यापीठाचा, म्हणजे इग्नूचा, कायदा १९८५ चा. नाशिकचे यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठ १९८९ मध्ये स्थापन झाले. 'ज्ञानगंगा घरोघरी' हे त्याचे बोधवाक्य. नोकरदार, गृहिणी आणि अर्ध्यावर शिक्षण सुटलेले विद्यार्थी यांच्यापर्यंत मराठीतून पदवी शिक्षण नेण्यात या विद्यापीठाचा वाटा मोठा आहे.

टपालाच्या काळात अभ्यासाचे गठ्ठे घरी येत आणि रविवारी अभ्यासकेंद्रावर संपर्कसत्रे होत. पडद्यावरचे शिक्षण त्याच पायावर उभे आहे. 'स्वयम्' हे केंद्र सरकारचे ऑनलाइन अभ्यासक्रमांचे व्यासपीठ जुलै २०१७ मध्ये सुरू झाले. विद्यापीठ अनुदान आयोगाने पूर्ण पदवी ऑनलाइन देण्याचे पहिले विनियम २०१८ मध्ये केले. सप्टेंबर २०२० मध्ये मुक्त, दूरस्थ आणि ऑनलाइन या साऱ्यांसाठी एकत्रित विनियम आले. आजची चौकट तीच आहे.

दूरस्थ आणि ऑनलाइन: फरक कोठे

बोलण्यात दोन्ही शब्द एकाच अर्थाने येतात, नियमांत मात्र ते वेगळे आहेत. मुक्त व दूरस्थ पद्धतीत छापील किंवा डिजिटल स्वयंअध्ययन साहित्य, अभ्यासकेंद्र, संपर्कसत्रे आणि परीक्षाकेंद्र असतात. या पद्धतीला भौगोलिक हद्द आहे. राज्य विद्यापीठाला आपल्या कार्यक्षेत्राबाहेर केंद्रे उघडता येत नाहीत आणि खासगी संस्थेला ठेका देऊन केंद्र चालवणेही निषिद्ध आहे. ऑनलाइन पदवीला अशी हद्द नाही. गोव्यातला किंवा दुबईतला विद्यार्थी पुण्यातल्या विद्यापीठाच्या ऑनलाइन पदवीला बसू शकतो, फक्त त्या विद्यापीठाला त्या अभ्यासक्रमाची परवानगी असली पाहिजे.

ऑनलाइन पदवीसाठी आयोगाने चार अंगांची रचना ठरवली आहे: ध्वनिचित्रित व्याख्याने, वाचनसाहित्य, चर्चामंच आणि मूल्यमापन. सत्रभर चालणाऱ्या अंतर्गत मूल्यमापनाला जास्तीत जास्त ३० टक्के आणि सत्रान्त परीक्षेला किमान ७० टक्के भार असतो. २०२० च्या विनियमांनी ऑनलाइन पदवी देऊ इच्छिणाऱ्या विद्यापीठावर 'नॅक' या मूल्यांकन परिषदेच्या मूल्यांकनात चारपैकी किमान ३.२६ गुणांची किंवा राष्ट्रीय क्रमवारीत वरच्या शंभरांत असण्याची अट घातली. साधारण दर्जाच्या संस्थांनी घाईने दुकान मांडू नये, हा त्यामागचा हेतू.

सप्टेंबर २०२२ मध्ये आयोगाने जाहीर केले की मान्यताप्राप्त विद्यापीठाची दूरस्थ किंवा ऑनलाइन पदवी वर्गात बसून मिळवलेल्या पदवीच्या बरोबरीची धरली जाईल. त्याच वर्षी एप्रिलमध्ये एकाच वेळी दोन अभ्यासक्रम करण्याची मुभा मिळाली. एक नियमित आणि एक ऑनलाइन किंवा दूरस्थ असे दोन अभ्यासक्रम आता जोडीने चालू शकतात. वकिलीचे शिक्षण घेणाऱ्यांना अशी वाट आधीपासून होती. बार कौन्सिलच्या २००८ च्या नियमांत दोन नियमित पदव्या एकदम करण्याला मनाई असली, तरी विद्यापीठाच्या दूरशिक्षण केंद्रातला अभ्यासक्रम या मनाईतून वगळलेला आहे. एलएल.बी. करता करता दूरस्थ पद्धतीने राज्यशास्त्राची एम.ए. करणे त्यामुळे नियमात बसते.

कायद्याचे बंद दार

२०२० च्या विनियमांत दूरस्थ व ऑनलाइन पद्धतीने देता न येणाऱ्या विषयांची यादी आहे. अभियांत्रिकी, वैद्यक, दंतवैद्यक, परिचर्या, वास्तुशास्त्र, कृषी यांच्या जोडीने तीत कायदाही आहे. एम.फिल. आणि पीएच.डी. याही या पद्धतीने करता येत नाहीत.

दुसरी अडचण भारतीय विधिज्ञ परिषदेची, म्हणजे बार कौन्सिल ऑफ इंडियाची. १९६१ च्या अधिवक्ता अधिनियमाने विद्यापीठांशी सल्लामसलत करून विधी शिक्षणाचा दर्जा ठरवण्याचे काम तिच्याकडे दिले. सनद मिळवण्यासाठी एलएल.बी. पुरते, एलएल.एम.ची गरज नसते. म्हणूनच पदव्युत्तर शिक्षणावर परिषदेचा अधिकार किती, हा वाद वारंवार उठतो. परिषद मात्र आपला अधिकार ठामपणे मांडत आली आहे. पदव्युत्तर विधी शिक्षणाचे तिचे २०२० चे नियम जानेवारी २०२१ मध्ये राजपत्रात आले. २०२५ मध्ये तिने जाहीर सूचना काढून पूर्वपरवानगीविना चालणाऱ्या ऑनलाइन, दूरस्थ आणि संमिश्र एलएल.एम. अभ्यासक्रमांना मान्यता नसल्याचे सांगितले. 'एक्झिक्युटिव्ह' किंवा 'प्रोफेशनल' असे विशेषण लावून एलएल.एम. हे नाव वापरण्यालाही तिने हरकत घेतली.

याचा व्यावहारिक परिणाम सरळ आहे. विधी महाविद्यालयात सहायक प्राध्यापक होण्यासाठी एलएल.एम. आणि नेट किंवा सेट ही पात्रता परीक्षा लागते. ती एलएल.एम. घरबसल्या मिळवलेली असेल तर निवडीच्या टप्प्यावर अडचण उभी राहते. एलएल.एम.चा प्रवेशही एलएल.बी. झालेल्यालाच मिळतो. वकील किंवा कायद्याचा प्राध्यापक होऊ पाहणाऱ्याला वर्गात बसण्यावाचून गत्यंतर नाही.

न्यायालयांचा कलही ध्यानात घेण्याजोगा आहे. ओरिसा लिफ्ट इरिगेशन कॉर्पोरेशन खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने नोव्हेंबर २०१७ मध्ये काही अभिमत विद्यापीठांनी योग्य मान्यतेविना पत्रद्वारे दिलेल्या अभियांत्रिकी पदव्यांवर बडगा उगारला. ज्यांनी पैसे आणि वर्षे खर्ची घातली होती, त्यांच्यापैकी काहींच्या हाती निलंबित पदवी आणि पुन्हा परीक्षा देण्याचा पर्याय एवढेच उरले. मान्यता नसल्याचे नुकसान शेवटी विद्यार्थ्याच्या माथी येते, हा या निकालाचा धडा कायद्याच्या विद्यार्थ्यालाही लागू पडतो.

उघडी दारे

घरून शिकणाऱ्यासाठी तीन प्रकारचे पर्याय उरतात.

पहिला राज्यशास्त्राची किंवा लोकप्रशासनाची एम.ए. इग्नूची राज्यशास्त्राची एम.ए. इंग्रजी व हिंदी माध्यमांत दूरस्थ पद्धतीने चालते. पहिल्या वर्षी राजकीय सिद्धान्त, आंतरराष्ट्रीय संबंध, भारतातील लोकशाही व विकास आणि तौलनिक राजकारण हे विषय असतात. मुंबई विद्यापीठाचे दूरशिक्षण केंद्रही राज्यशास्त्राची एम.ए. देते. कोणत्याही शाखेचा पदवीधर सामान्यतः या पदवीला पात्र ठरतो, त्यामुळे विज्ञान शिकवणारा शिक्षक किंवा बँकेतला अधिकारीही तिच्याकडे वळू शकतो.

दुसरा पदव्युत्तर पदविका. बंगळूरच्या नॅशनल लॉ स्कूलने मानवी हक्क, पर्यावरण, बालहक्क, बौद्धिक संपदा अशा विषयांच्या पदविका दूरशिक्षणाने चालवल्या आहेत. इग्नूकडे मानवी हक्क, ग्राहक संरक्षण, बौद्धिक संपदा यांचे प्रमाणपत्र व पदविका अभ्यासक्रम आहेत. पदविकेमुळे कायद्याच्या एका कोपऱ्याची सखोल ओळख होते. सनद किंवा प्राध्यापकी यांच्याशी मात्र तिचा संबंध नसतो.

तिसरा लहान अभ्यासक्रम. केंद्रीय विधी मंत्रालयाने हैदराबादच्या नालसार विधी विद्यापीठाबरोबर नोव्हेंबर २०२२ मध्ये भारतीय संविधानावर पंधरा चित्रफितींचा ऑनलाइन अभ्यासक्रम सुरू केला. तो विनामूल्य पाहता येतो, प्रमाणपत्र हवे असेल तर १४९ रुपये नाममात्र शुल्क ठेवले गेले. 'स्वयम्'वरचे अभ्यासक्रम श्रेयांकांसह घेता येतात. २०२१ च्या विनियमांनुसार विद्यापीठ एखाद्या पदवीच्या एका सत्रातील ४० टक्क्यांपर्यंत अभ्यासक्रम 'स्वयम्'वरून पूर्ण करू देऊ शकते. हे श्रेयांक शैक्षणिक श्रेयांक पेढीत जमा होतात. 'ई-पीजी पाठशाला' या भांडारात राज्यशास्त्र आणि कायदा या दोन्ही विषयांचे पदव्युत्तर पाठ कोणालाही खुले आहेत.

परदेशी विद्यापीठांची वाट वेगळी. लंडन विद्यापीठ आजही दूरशिक्षणाने एलएल.एम. देते. अमेरिकेत वकील नसलेल्यांसाठी कायद्याच्या एम.ए.सारख्या पदव्या ऑनलाइन मिळतात. शालेय शिक्षकांना अमेरिकी राज्यघटना शिकता यावी म्हणून तिथल्या काँग्रेसने १९८६ मध्ये जेम्स मॅडिसन यांच्या नावाची शिष्यवृत्ती संस्था स्थापन केली. तिच्या अर्थसाहाय्यावर पदव्युत्तर शिक्षण घेणाऱ्या शिक्षकाला संविधानावरचे ठरावीक श्रेयांक पूर्ण करावे लागतात. नागरिकशास्त्राचा शिक्षक हाच घटनाशिक्षणाचा मुख्य वाहक असतो, हे त्या योजनेचे गृहीतक आहे. परदेशात राहणाऱ्या मराठी माणसाला तिथल्या नोकरीसाठी अशी पदवी उपयोगी पडू शकते. भारतात परतायचे असेल, तर तिची समकक्षता आधीच तपासणे श्रेयस्कर. परदेशी विद्यापीठाच्या नावावर एड-टेक कंपन्यांनी विकलेल्या पदव्यांबाबत अनुदान आयोगाने डिसेंबर २०२३ मध्ये इशारा दिलेला आहे.

अभ्यासाचा गाभा

संविधानाचा पदव्युत्तर अभ्यास म्हणजे अनुच्छेदांची घोकंपट्टी नव्हे. मूळ संविधानात २२ भाग, ३९५ अनुच्छेद आणि ८ अनुसूच्या होत्या. २०२३ पर्यंत त्यात १०६ दुरुस्त्या झाल्या. एवढा मजकूर पाठ करता येतो. समजून घ्यायचा तो त्यामागचा संसद आणि न्यायालय यांच्यातला दीर्घ संवाद.

त्या संवादाचा कणा असलेल्या खटल्यांची ओळ कोणत्याही चांगल्या अभ्यासक्रमात येते. १९५१ च्या चंपकम दोराईराजन निकालाने मद्रासमधील जातवार प्रवेश रद्द केले आणि त्याला उत्तर म्हणून पहिल्या घटनादुरुस्तीने अनुच्छेद १५(४) आणला. त्याच वर्षी शंकरी प्रसाद खटल्यात संसदेचा दुरुस्तीचा अधिकार मान्य झाला. १९६७ मध्ये गोलकनाथ खटल्यात अकरा न्यायाधीशांनी सहा विरुद्ध पाच मतांनी त्याला लगाम घातला. २४ एप्रिल १९७३ रोजी केशवानंद भारती खटल्यात तेरा न्यायाधीशांनी सात विरुद्ध सहा अशा निसटत्या बहुमताने मूलभूत संरचनेचे तत्त्व मांडले. ६८ दिवस चाललेल्या त्या सुनावणीत समोरासमोर उभे होते मुंबईचेच दोन विधिज्ञ: याचिकाकर्त्यांकडून नानी पालखीवाला आणि केरळ सरकारकडून एच. एम. सीरवई. सीरवई तेव्हा महाराष्ट्राचे महाधिवक्ता होते आणि त्यांचा भारतीय घटनात्मक कायद्यावरचा ग्रंथ आजही पदव्युत्तर वाचनयादीत असतो. पुढे आणीबाणीतला जबलपूर निकाल (१९७६), मनेका गांधी (१९७८), मिनर्व्हा मिल्स (१९८०) आणि खासगीपणाचा पुट्टस्वामी निकाल (२०१७) असा प्रवास होतो.

महाराष्ट्रातल्या वाचकाला हा संवाद आपल्या दारात झालेला दिसतो. १०२ व्या घटनादुरुस्तीने (२०१८) मागास वर्ग ठरवण्याच्या पद्धतीत बदल केला. ५ मे २०२१ रोजी मराठा आरक्षणाच्या खटल्यात पाच न्यायाधीशांच्या घटनापीठाने ते आरक्षण रद्द केले आणि तीन विरुद्ध दोन अशा बहुमताने असेही सांगितले की या दुरुस्तीनंतर मागास वर्ग ठरवण्याचा अधिकार राज्यांकडे उरलेला नाही. त्याच वर्षी संसदेने १०५ वी दुरुस्ती करून तो राज्यांना परत दिला. एका अनुच्छेदातल्या शब्दरचनेवरून मतभेद, त्यावरून निकाल आणि निकालावरून दुरुस्ती हे चक्र वर्तमानपत्रात तुकड्यातुकड्याने येते. पदव्युत्तर अभ्यासात ते इंद्रा साहनी निकालापासून (१९९२) सलग मांडले जाते, आणि ५० टक्क्यांची मर्यादा कोठून आली व तिच्यावरचे आक्षेप कोणते, हे उलगडते.

निकालपत्र वाचण्याची स्वतंत्र रीत असते. खटल्यातली तथ्ये, न्यायालयापुढचा प्रश्न, निर्णय, निर्णयाचा आधार आणि ओघात आलेली मते वेगळी काढावी लागतात. वकिलांच्या भाषेत शेवटच्या दोघांना 'रेशो' आणि 'ओबिटर' म्हणतात. एखादे वाक्य निकालात आहे म्हणजे तो कायदा झाला, असे होत नाही. ते 'रेशो'त आहे की 'ओबिटर'मध्ये, यावर त्याचे बंधन ठरते. राज्यशास्त्राच्या अभ्यासक्रमांत या कौशल्याला अनेकदा कमी जागा मिळते. ऑनलाइन शिकणाऱ्या विद्यार्थ्याला ही उणीव स्वतः भरून काढावी लागते.

मूळ साधने आता हाताशी

या विषयापुरते ऑनलाइन शिक्षणाचे सर्वांत मोठे देणे व्याख्यानांत नाही, मूळ साधनांत आहे. पूर्वी सर्वोच्च न्यायालयाचे निकाल वाचायचे तर विधी ग्रंथालयात जाऊन जाडजूड अहवाल चाळावे लागत. जानेवारी २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ई-एससीआर हा निकालांचा संग्रह सर्वांना मोफत खुला केला. सुरुवातीलाच त्यात सुमारे ३४ हजार निकाल होते. त्याच वर्षी निकालांना एकसारखे संदर्भ क्रमांक देण्याची पद्धतही आली, त्यामुळे खासगी प्रकाशकाच्या अहवालावर अवलंबून राहण्याची गरज कमी झाली.

न्यायालय आता पाहताही येते. स्वप्नील त्रिपाठी खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने सप्टेंबर २०१८ मध्ये थेट प्रक्षेपणाला तत्त्वतः मान्यता दिली. प्रत्यक्ष प्रक्षेपण सुरू झाले २७ सप्टेंबर २०२२ रोजी. त्या पहिल्याच दिवशीच्या घटनापीठांपैकी एकापुढे महाराष्ट्रातील शिवसेनेच्या फुटीचा वाद होता. त्या वादाचा निकाल ११ मे २०२३ रोजी लागला. पक्षांतरबंदीची दहावी अनुसूची, राज्यपालांचा स्वेच्छाधिकार आणि विधानसभा अध्यक्षांचे अधिकार या तीन प्रकरणांचा इतका जवळचा पाठ दुसरीकडे मिळणे अवघड.

संविधान सभेचे वाद-विवादही पडद्यावर वाचता येतात. सभा ९ डिसेंबर १९४६ रोजी प्रथम भरली आणि २६ नोव्हेंबर १९४९ रोजी तिने संविधान स्वीकारले. मुस्लिम लीग आणि संस्थाने सभेत येईपर्यंत उद्दिष्टांचा ठराव पुढे ढकलावा, ही मुकुंदराव जयकरांची दुरुस्ती आणि तीवरचे डॉ. आंबेडकरांचे १७ डिसेंबर १९४६ चे भाषण हे त्या खंडांतले आरंभीचेच प्रकरण आहे. सारांश वाचून समजलेले संविधान आणि ही भाषणे वाचून समजलेले संविधान यांत मोठे अंतर पडते.

भाषेचा प्रश्न

अनुच्छेद ३४८ नुसार सर्वोच्च न्यायालय आणि उच्च न्यायालयांच्या कामकाजाची भाषा मुख्यतः इंग्रजी आहे. घटनात्मक कायद्याचे बहुतेक ग्रंथ इंग्रजीत आहेत. मराठीतून शिकून आलेल्या विद्यार्थ्याला पहिल्या सहा महिन्यांत अडवते ती भाषाच. सर्वोच्च न्यायालयाच्या निवडक निकालांचे मराठी अनुवाद आता मिळू लागले आहेत आणि संविधानाचा मराठी पाठही शासनाने प्रसिद्ध केला आहे.

परिभाषेतही एकवाक्यता नाही. अधिकृत मराठी पाठात 'देहोपस्थिती' आणि 'महादेश' म्हणून येणारे आदेश पाठ्यपुस्तकांत 'बंदी प्रत्यक्षीकरण' आणि 'परमादेश' होतात. 'मूलभूत अधिकार' आणि 'मूलभूत हक्क', 'मूलभूत संरचना' आणि 'पायाभूत चौकट' हे शब्दही आलटून पालटून वापरले जातात. भाषा संचालनालयाचे 'न्याय व्यवहार कोश' आणि 'शासन व्यवहार कोश' अशा वेळी उपयोगी पडतात. उत्तरपत्रिकेत कोणताही एक शब्द पत्करून शेवटपर्यंत तोच ठेवणे, ही परीक्षकांना रुचणारी शिस्त आहे.

कोणाला, कशासाठी

शालेय शिक्षकाला राज्यशास्त्राच्या एम.ए.मुळे विषयाची खोली मिळते. बी.एड. असेल तर कनिष्ठ महाविद्यालयात राज्यशास्त्र शिकवण्याची वाट मोकळी होते. वरिष्ठ महाविद्यालयात जायचे असेल, तर एम.ए.त किमान ५५ टक्के गुण (राखीव प्रवर्गांसाठी ५० टक्के) आणि नेट किंवा सेट लागते. महाराष्ट्र व गोव्यासाठी सेट परीक्षा सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठ घेते.

स्पर्धा परीक्षांच्या उमेदवारांना या पदवीचा आधार वाटतो, कारण केंद्रीय लोकसेवा आयोगाच्या मुख्य परीक्षेतील दुसरी सामान्य अध्ययन पत्रिका शासनव्यवस्था, संविधान आणि सामाजिक न्याय यांवर आहे. मात्र एम.ए.चा अभ्यासक्रम परीक्षेपेक्षा रुंद असतो. राजकीय सिद्धान्तावरची कित्येक पाने परीक्षेला उपयोगी पडत नाहीत, हे आधीच ओळखलेले बरे.

तिसरा गट कमी चर्चिला जातो, पण लाभ कदाचित त्यालाच सर्वाधिक होतो. ७३ वी घटनादुरुस्ती २४ एप्रिल १९९३ पासून अमलात आली आणि ग्रामसभेला घटनात्मक स्थान मिळाले. १९९६ च्या पेसा कायद्याने अनुसूचित क्षेत्रांतल्या ग्रामसभांना विशेष अधिकार दिले. गडचिरोली, नंदुरबार, पालघर अशा जिल्ह्यांतील ग्रामसेवक, सरपंच आणि कार्यकर्ते या तरतुदींशी रोज झगडतात. पत्रकार आणि माहिती अधिकारात काम करणारे यांचेही तसेच. त्यांना पदवीपेक्षा पदविका किंवा एखादा नेमका अभ्यासक्रम पुरेसा पडतो.

मर्यादा आणि श्रम

इग्नूच्या पद्धतीत एक श्रेयांक म्हणजे तीस तासांचा अभ्यास. ८० श्रेयांकांची पदवी धरली तर २,४०० तास होतात. दोन वर्षांत ते बसवायचे तर आठवड्याला सुमारे २३ तास, म्हणजे रोज तीन तासांहून अधिक. नोकरी सांभाळून हे जमवणे कठीण असते आणि म्हणूनच नियमांनी पदवी पूर्ण करण्यासाठी किमान कालावधीहून अधिक मुदत दिलेली असते. पहिल्याच वर्षी चारही विषयांना एकदम हात घालण्याऐवजी दोन-दोन विषय काढणारे विद्यार्थी टिकतात.

स्वाध्याय हा या पद्धतीतला कच्चा दुवा. तयार उत्तरे बाजारात विकत मिळतात आणि आता संगणकही ती लिहून देतो. परीक्षेला किमान ७० टक्के भार असल्याने नकलेच्या स्वाध्यायाने पदवी मिळत नाही. पण लिहिण्याचा सराव मात्र बुडतो. वादविवाद आणि अभिरूप न्यायालय यांची उणीव याहून खोल आहे. घटनात्मक प्रश्नाला दोन बाजू असतात आणि दुसरी बाजू समोरच्याने बोलून दाखवल्याशिवाय आपल्या युक्तिवादातली भोके दिसत नाहीत. तालुक्याच्या ठिकाणी चार-सहा जणांचा वाचनगट जमवून महिन्याला एक निकाल चर्चेला घेणे, हा त्यावरचा स्वस्त आणि परिणामकारक उपाय आहे.

प्रवेशापूर्वीची पडताळणी

प्रवेश घेण्याआधी चार गोष्टी पाहाव्यात. अनुदान आयोगाच्या दूरशिक्षण विभागाच्या (डीईबी) संकेतस्थळावर त्या विद्यापीठाला, त्याच अभ्यासक्रमाला आणि त्याच सत्रासाठी मान्यता आहे का. विद्यापीठाच्या नावाला मान्यता असणे पुरेसे नाही. आयोगाने जाहीर केलेल्या बोगस विद्यापीठांच्या यादीत नाव नाही ना. पदवीच्या नावात 'विधी' किंवा 'एलएल.एम.' असेल, तर बार कौन्सिलची भूमिका काय आहे. आणि शुल्क थेट विद्यापीठाच्या खात्यात जाते की मध्यस्थाच्या. २०२४ पासून दूरस्थ व ऑनलाइन प्रवेशासाठी विद्यार्थ्याला श्रेयांक पेढीच्या क्रमांकाच्या आधारे स्वतःचा डीईबी-आयडी काढावा लागतो. तो न मागता प्रवेश देणाऱ्या संस्थेपासून दूर राहावे.

निष्कर्ष

आजच्या नियमांत सनद आणि विधी महाविद्यालयातली प्राध्यापकी ऑनलाइन शिक्षणाने मिळत नाही. राज्यशास्त्राची अध्यापकी, प्रशासनातली तयारी आणि सार्वजनिक कामासाठी लागणारी घटनेची जाण मात्र त्यातून मिळू शकते, आणि त्यासाठी राज्यशास्त्राची मान्यताप्राप्त एम.ए. हाच सर्वांत खात्रीचा मार्ग आहे. केशवानंद भारती, बोम्मई आणि मराठा आरक्षण हे तीन निकाल मुळातून वाचलेला विद्यार्थी त्या पदवीचे चीज करतो. तिन्ही निकाल सर्वोच्च न्यायालयाच्या संग्रहात विनामूल्य उपलब्ध आहेत.